तळ्यातलं रान

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. उदगीरहून नांदेडकडं निघालं की वाटेत जी तालुक्याची गावं लागतात, त्यांतलंच एक समजा. तिथं मी शाळेत विज्ञान शिकवते. नाव सांगून काही उपयोगही नाही, कारण ऊन तापायला लागलं की या भागात बऱ्याच गावांच्या नळाला असंच पाणी येतं: हिरवट, वर बारीक तवंग धरलेलं, आणि वास असा की ओल्या मातीत पुरलेलं जुनं गोणपाट कुणी उकरून काढलंय.

नळ आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतो, तोही मनात आलं तर. त्यामुळं पाणी कसं का असेना, भरून ठेवावंच लागतं. मी सांगते त्या वर्षी तर हंड्यात ते दोन दिवस राहिलं की कडेला हिरवी रेघ उमटायची. मग प्रत्येकाचे आपापले उपाय सुरू झाले. शेजारीण तुरटी फिरवायची. समोरच्या काकू जुन्या लुगड्याच्या चार घड्या करून गाळायच्या. उरलेले सगळे उकळायचे. उकळलं की सगळं मरतं, असं जो तो जो भेटेल त्याला सांगत होता. मरतं, खरंय. पण हे शेवाळ मरताना आपल्या पोटातलं विष पाण्यातच सोडून जातं, आणि ते उकळून जात नाही, हे मी सांगितलं की लोक माझ्याकडं असे बघायचे, जणू ते मीच त्यात कालवलंय. पाणीपुरवठ्याच्या लोकांनी त्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वाढवली. आता पाण्याला शेवाळाचाही वास आणि पावडरचाही.

मग जारच्या गाड्या फिरायला लागल्या. ज्यांना परवडत होतं त्यांच्या ओट्यावर निळे जार आले, आणि त्या दिवशी त्यांच्यापुरता गावाचा पाणीप्रश्न मिटला. आदल्या आठवड्यापर्यंत चौकात तावातावानं बोलणारी माणसं एकदम क्रिकेटवर बोलू लागली. माझ्या वर्गातली अर्धीअधिक पोरं मात्र नळाचंच पाणी बाटलीत आणत. बाटली पारदर्शक असली तर तिला कापडी पिशवी घालून आणत, म्हणजे पाण्याचा रंग कुणाला दिसू नये. गरिबाच्या पोराला पाण्याचीही लाज वाटायला लावणारं हे गाव आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

हे पाणी येतं तळ्यातून. टेकड्यांच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून केलेला साठवण तलाव, त्याला सगळे तळंच म्हणतात. आणि त्या तळ्याच्या पोटात माझ्या माहेरचं रान आहे.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या हाती जी जमीन आली ती अगदी ओढ्याला लागून, खालच्या अंगाची. पावसाळ्यात तिच्यात पाय ठरत नसे, म्हणून ती आधी कुणाला नको होती. आजोबांनी आणि आजीनं दगड वेचून, चर खणून ती पिकती केली. पिकती झाली आणि मग तळं आलं. टेकडीवरची रानं कोरडी राहिली, आमचं बुडालं. पाणी खालीच साठणार, त्यात कुणाचा डाव नव्हता, हे विज्ञान शिकवणारी बाई म्हणून मला कबूल आहे. पण खालचं रान आमच्याच वाट्याला का आलं होतं, ते विज्ञानाच्या पुस्तकात नसतं.

तळ्याचं पाणी बारा महिने काठोकाठ नसतं. दिवाळी झाली की ते हळूहळू आत सरकू लागतं आणि कडेची जमीन उघडी पडते. तिच्यावर पावसाळ्यात वाहून आलेला मऊ, काळा गाळ बसलेला असतो. त्या ओलीवर पुन्हा पाणी चढायच्या आत एक पीक निघतं. याला गाळपेर म्हणतात. ज्यांची रानं बुडाली, त्यांना ती त्या एका हंगामापुरती पेरायला मिळतात. माझी माय एवढ्यावरच शेतकरीण होती. बाबा गेले, भाऊ पुण्याला कंपनीत लागला, मी शहाणी होऊन तालुक्याला आले. ती मात्र तळ्याकाठच्या गावातच राहिली, कारण दिवाळीनंतर तिचं रान पाण्यातून वर यायचं आणि तेव्हा कुणीतरी तिथं असायला हवं.

दिवाळी झाली की ती रोज सकाळी तळ्यावर जायची. पाणी किती हटलं ते बघायची, चिखलात काडी खुपसून वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, बघायची आणि परत यायची. जमीन पुरती उघडी पडली की दोन बायका बरोबर घेऊन हातानं हरभरा टोकायची. मी एकदा तिला सहज म्हणाले, ‘‘माय, ते आता सरकारचं आहे. बाबांनी त्याचे पैसे घेतले होते.’’

‘‘तळं सरकारचं असंल,’’ ती म्हणाली. ‘‘रान माझं हाय. सरकारनं त्याच्यावर पानी ठिवलंय नुस्तं.’’

 

आता शेवाळाचं. ते काही आभाळातून पडत नाही. त्याला खायला लागतं, आणि आम्ही ते पोत्यांनी पुरवतो. तळ्याच्या वरच्या अंगाला ऊस आहे, हळद आहे, मैलभर सोयाबीन आहे. आभाळ भरून आलं की लोक घाईघाईनं युरिया फेकतात, म्हणजे पावसानं तो मुरेल. पाऊस असा येतो की मुरायला सवड मिळत नाही, सगळं ओढ्यात येतं. पूर्वी दोन रानांच्या मध्ये धुरा असायचा. धुरा म्हणजे बांध, पण चांगला रुंद, त्याच्यावर गवत, बोरी, एखादं लिंबाचं झाड. वाहतं पाणी त्या गवतात अडायचं, माती तिथंच टाकायचं. आता धुरे राहिले नाहीत. दर पेरणीला इकडच्यानं धुऱ्यात नांगराचं एक तास इकडून घालायचं, तिकडच्यानं तिकडून. धुरा कोरणं हा आमच्याकडचा असा उद्योग आहे की तो दुष्काळातही बंद पडत नाही. त्यापायी सख्ख्या भावांची डोकी फुटलीत, तारखा चालल्यात, पण नांगर काही थांबला नाही. त्यात ट्रॅक्टरवाल्याला वळायचा कंटाळा, म्हणून तो उताराच्या दिशेनंच लांबलचक तास काढतो. पाण्याला यापेक्षा सोपी वाट कोण करून देणार? शेतातून ओढा, ओढ्यातून तळं, तळ्यातून फिल्टर, फिल्टरमधून माझा हंडा.

मायसुद्धा युरिया टाकायची. गाळाला खरं तर त्याची फारशी गरज नसते, पण दुकानदार सांगायचा, शेजारचा टाकायचा, मग हीच मागं का राहील? मी तिला टाकू नको म्हणाले तेव्हा ती चांगलीच भडकली.

‘‘समद्या गावाचं पानी म्या एकलीनं नासवलं व्हय?’’

‘‘एकटीनं नाही म्हणत मी.’’

‘‘मंग माझ्याच मागं का लागलीस? वरच्या मालकाला जाऊन सांग की. त्येच्या रानात ट्रकनं खत उतरतंय.’’

‘‘तो माझं ऐकणार नाही. तू माझी माय आहेस, म्हणून तुला सांगते.’’

‘‘हाव. गरिबालाच सांगा समदं,’’ ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. 

मग त्या उन्हाळ्यात ती माझ्याकडं आली. एसटीतून उतरून, उन्हातून चालत घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि मी काही म्हणायच्या आत माठातलं पाणी ओतून घेतलं. एक घोट घेतला, मोरीत जाऊन थुंकली, गडव्यातलं पाणी उजेडात धरून बघितलं.

‘‘हे पेऊन राहिलेत लेकरं?’’

‘‘हो.’’

 पुढच्या गाळपेरीला तिनं युरियाचं पोतं आणलं नाही, आणि पाण्याच्या कडेनं चांगली रुंद पट्टी पेरायची सोडून तिथं गवत वाढू दिलं. ती पट्टी म्हणजे तिच्या रानाचा सगळ्यात ओला, सगळ्यात पिकणारा भाग होता. आजूबाजूचे हसले. मास्तरणीच्या मायनं यंदा गवत पेरलंय म्हणून तिला नावं ठेवली. हरभरा जरा कमी झाला असणार, पण ती मला तसं कधी म्हणाली नाही. मला तिचा किती अभिमान वाटला ते मी तिला तेव्हा सांगितलं, आणि ते ऐकून तिनं मला डब्याला हरभऱ्याचा सोलाणा बांधून दिला.

त्याच वर्षी पाण्यावरून बोंबाबोंब फार वाढली. नगरपालिकेच्या सभागृहात बैठक बोलावली. पाण्याचं बघणारे साहेब, तळ्याच्या वरचे-खालचे शेतकरी, गावातली जागरूक मंडळी, आणि विज्ञानाच्या बाई म्हणून मी. मी तयारी करून गेले होते. धुरे पुन्हा धरा, त्यावर गवत राहू द्या. ओढ्याच्या दोन्ही काठांना पट्टी सोडा. पाऊस तोंडावर असताना खत फेकू नका. पेरणी उताराला आडवी करा. आणि गाळपेरीत रासायनिक खत नको. एवढंच सांगितलं, साध्या मराठीत सांगितलं, आणि लोक शांतपणे ऐकत होते म्हणून मला बरं वाटलं. आपलं कुणी ऐकतंय असं वाटणं ही शिक्षकाची जुनी खोड आहे.

वरच्या अंगाचे ज्यांना सगळे मालक म्हणतात, ते उठले. माणूस अत्यंत मिठ्ठास. ‘‘मॅडम लई चांगलं बोलल्या,’’ ते म्हणाले. ‘‘पन धुरा सोडा म्हनता. आज म्या धुरा सोडला की उद्या शेजाऱ्यानं तो खाल्लाच समजा. मंग मला भांडन लागंल, ते मिटवायला मॅडम येनार हायती का?’’ सगळं सभागृह हसलं. त्यांचा शेजारीही हसला.

साहेबही हसले. मग गंभीर झाले. ‘‘हे बघा, खाजगी रानात आम्हाला काही करता येत नाही. पण गाळपेर आपल्या हातात आहे. ऐन तळ्यात शेती चालते, हे काही बरोबर नाही. ती यंदापासून बंद.’’

मी उभी राहिले. ‘‘साहेब, तिथलं खत बंद करा. पेरणी कशाला बंद करता? उलट पीक गाळातलं खत शोषून घेतं आणि पिकाबरोबर ते तळ्याबाहेर जातं. शिवाय तळ्यात येणारं बहुतेक सगळं ओढ्यानं येतंय.’’

‘‘मॅडम, कुणी खत टाकलं, कुणी नाही, हे कोण बघत बसणार? बंद म्हणजे बंद. सोपं काम.’’

मागच्या रांगेतून माय उठली. ती आलेली आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. पांढरं स्वच्छ लुगडं, डोक्यावर पदर. ‘‘साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘माझ्या रानाच्या काठाला गवत हाय. खत म्या टाकत न्हाई. येऊन बघा.’’

‘‘मावशी, तुमच्या एकटीसाठी वेगळा नियम करता येत नाही.’’

टाळ्या वाजवायला सुरुवात मालकांनी केली. बाहेर पडताना ते मुद्दाम मायपाशी थांबले. ‘‘मावशी, वाईट वाटून घेऊ नका. गावच्या पान्यासाठी एवढं करावं लागतंय.’’ त्यांच्या घरी कधीपासून जार येत होता.

मी त्या दिवशी जे बोलले ते खरं होतं आणि उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच बोलेन. मला राग याचा आहे की माझ्या सगळ्या बोलण्यातून त्यांनी तेवढंच उचललं जे कुणा मोठ्याच्या अंगाला लागत नव्हतं. ओढे टेकडीमागं असतात, तिथं कोण बघायला जातो? गाळपेर मात्र बंधाऱ्यावर उभं राहिलं की समोर दिसते. डोळ्याला दिसली, म्हणून तीच गुन्हेगार ठरली. आणि ती पेरणारे कोण होते? ज्यांची रानं आधीच एकदा गावच्या पाण्यासाठी गेली होती, ते. गावात या निर्णयाचं फार कौतुक झालं. व्हॉट्सॲपवर फोटो फिरले, त्यांखाली लाइकचे अंगठे.

त्या दिवाळीनंतर पाणी नेहमीसारखं हटलं. माय नेहमीसारखी तळ्यावर गेली. पाटी लावलेली होती, आणि पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत होतं. तरी ती रोज जात राहिली. फोनवर सांगायची, आज इथवर हटलं, आज वाफसा झाला असंल. जसं काही पेरणी करायचीच आहे.  उघड्या जमिनीवर गाजरगवत माजलं, वेड्या बाभळी उगवल्या. पेरणी गेली तसं तिनं राखलेलं काठाचं गवतही कुणाच्या तरी म्हशींनी खाऊन टाकलं.

आणि उन्हाळ्यात नळाला पाणी आलं ते हिरवंच. मागच्यापेक्षा दाट. मी साहेबांना जाऊन भेटले. म्हणाले, ‘‘गाळपेर बंद झाली, पाणी तसंच आहे.’’

‘‘मॅडम, तुम्ही तर विज्ञानाच्या. परिणाम दिसायला वेळ लागतो.’’

हे वाक्य खरं आहे. तळ्याच्या तळाशी साठलेलं खत वर्षानुवर्षं पाण्यात सुटत राहतं, हे मीच वर्गात शिकवते. खरं असूनही ते माझ्या तोंडावर फेकलेलं होतं, म्हणून मला त्याचा जास्त संताप आला. मी विचारलं, ‘‘आणि ओढ्यांचं?’’ तर ते म्हणाले, ‘‘बघू.’’

त्यांनी जे बघितलं ते वेगळंच होतं. तळ्यात गाळ फार साठलाय, म्हणून तो काढायचं ठरलं. काढलेला गाळ ज्याला हवा त्यानं फुकट न्यावा, आपल्या रानात टाकावा, म्हणजे तळंही खोल होईल आणि रानही सुधारेल. ऐकायला छानच होतं. काही ठिकाणी त्यानं भलंही झालं असेल. पण न्यायला ट्रॅक्टर लागतो, टिपर लागतो, आणि ते ज्यांच्याकडं होते त्यांची रानं होती वरच्या अंगाला. बिनधुऱ्याच्या, उताराच्या त्याच रानांवर हा गाळ पसरणार, त्यावर पहिला जोरदार पाऊस पडणार आणि तो पुन्हा खाली येणार. या वेळी मात्र विज्ञानाच्या बाईंना कुणी बोलावलं नाही.

एका सकाळी मायचा फोन आला. मी शाळेत होते.

‘‘माझं रान न्हेऊन राहिलेत,’’ ती म्हणाली. ‘‘येतीस का?’’

मी रजेचा अर्ज ठेवला आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. तळ्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन जेसीबी लागले होते आणि सुरुवात आमच्याच रानापासून केली होती, कारण रस्ता तिथून जवळ आणि गाळ तिथंच सगळ्यात चांगला. तो चांगला का होता, ते मला ठाऊक होतं. आजोबांनी दगड वेचले तिथपासून मायनं पट्टी राखली तिथपर्यंत. जेसीबीचा दात आत जायचा, काळं ढेकूळ वर यायचं, टिपरमध्ये पडायचं. मग टिपर मालकांच्या रानाकडं चढावर निघायचा. काही ठिकाणी खाली पिवळा मुरूम लागला होता. मुरूम लागला की ड्रायव्हर मशीन पुढं सरकवायचा.

माय उन्हात उभी होती. मी तिला सावलीत चल म्हणाले, ती हलली नाही. ड्रायव्हर बरा माणूस होता. ‘‘आजी, जरा बाजूला व्हा, लागंल,’’ असं तो सारखा म्हणत होता, आणि माय दर वेळी थोडी मागं सरायची. अशी सरत सरत ती तिच्या रानाच्या हद्दीबाहेर आली.

‘‘पुन्हा बसंल का गं गाळ?’’ तिनं विचारलं.

‘‘बसेल.’’

‘‘पेरन्याजोगा?’’

 तेवढा बसायला कितीतरी वर्षं लागतात, आणि माझी माय सत्तरीला आलेली आहे. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, पण नजर मशीनवरच होती. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी आणि चिडीचं जास्त होतं. ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडायचं कुणावर ते समजत नव्हतं, कारण तिथं प्रत्येक जण फक्त आपलं काम करत होता.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. ते उतरले, मशीनच्या कामावर नजर फिरवली, आणि त्यांना आम्ही दोघी दिसल्या. त्यांनी मायला ओळखलं. बैठकीतली गोष्ट त्यांच्या लक्षात असावी, कारण ते चांगल्या मनानं जवळ आले आणि गोड आवाजात म्हणाले, ‘‘मावशी, नुसत्या बघत काय उभ्या राहिल्या? तुम्हीपण न्या की गाळ. फुकट आहे. सांगा, मी दोन टिपर पाठवून देतो. रानात टाका, बघा कसं पिकतंय.’’

माय त्यांच्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारावं तसं तिनं विचारलं.

‘‘न्हेते की, साहेब. टाकू कुठं?’’

साहेबांनी घड्याळात बघितलं आणि मागं थांबलेल्या टिपरला पुढं यायची खूण केली.